सिंकखाली पाण्याचा फिल्टर बसवायचाय? गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

तालुक्याला फिल्टर फिटिंगचं काम करतो, त्यामुळे रोज कोणी ना कोणी फोन करून हेच विचारतं. सगळं एका जागी लिहून ठेवलंय. घाई असेल तर पहिले दोन प्रश्न तरी वाचाच, कारण फिटिंग कोणीही शिकतं, पण चुकीचा फिल्टर घेतला तर तो कितीही मस्त बसवला तरी काही कामाचा नाही.

भाऊ, आरओ घेऊ की साधा?

पहिले पाणी तपासा, मग मशीन. आपल्या विदर्भाचं पाणी एकसारखं नाहीच. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आंघोळ केली तर साबणाचा फेस होत नाही आणि तुरीची डाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणे दाणेच राहते. तिथे आरओशिवाय, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने क्षार गाळणाऱ्या मशीनशिवाय, इलाज नाही. यवतमाळचा पांढरकवडा, झरी जामणी भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातली काही गावं, तिथे भानगड फ्लोराइडची. हे जास्त वाईट, कारण पाणी चवीला चांगलं लागतं, दिसायला एकदम स्वच्छ, आणि पोरांच्या दातावर पिवळे-तपकिरी पट्टे आले की मग लोकं विचारतात काहून झालं म्हणून. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बाजूला काही हातपंपांना लोखंडाचं पाणी, गुंडात रात्रभर ठेवलं की खाली लाल गाळ.

आणि तुमच्या गावाला धरणावरची किंवा नदीवरची नळयोजना असेल तर बहुतेक वेळा क्षार कमीच असतात. तिथे अडचण गढूळपणाची आणि जंतूंची. त्याला यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) किंवा यूव्हीवाला (जंतू मारणाऱ्या किरणांचा दिवा) फिल्टर पुरतो, आरओ घेऊन पाणी वाया घालवायचं काही कारण नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलंच होतं की टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ वापरू देऊ नका म्हणून. दुकानदार हे सांगणार नाही, आरओ महाग विकला जातो ना.

पाणी तपासायचं कुठे? पैसे किती लागतात?

ग्रामपंचायतीत पहिले विचारा. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं त्यात गावोगावी पाणी तपासायची पेटी द्यायची आणि गावातल्या पाच बायांना ट्रेनिंग द्यायचं असं आहे. पुष्कळ गावात ती पेटी कपाटात पडून असते, तर मागा, हक्काने मागा. त्यात फ्लोराइड, नायट्रेट, लोखंड, कडकपणा याचा अंदाज येतो. पक्का रिपोर्ट पाहिजे असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पाणी प्रयोगशाळा आहे, नाहीतर भूजल सर्वेक्षणवाल्यांची. फी बाहेरच्या लॅबपेक्षा कमीच असते.

बाटली नेताना बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग त्याच पाण्याने बाटली दोनतीनदा खंगाळून काठोकाठ भरा. कोल्ड्रिंकची बाटली न्यायची नाही. जंतूंची तपासणी करायची असेल तर बाटली लॅबमधूनच आणा, ती खंगाळायची नाही, आणि त्याच दिवशी पोचवा, बाजाराच्या दिवशी नेऊ म्हणून चार दिवस ठेवली तर रिपोर्टला काही अर्थ नाही.

रिपोर्ट आला की आयएस १०५०० चे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाचे, आकडे पाहा, सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १ पर्यंत, जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. नायट्रेट ४५, त्याच्यावर सूट नाही. वावरात युरिया भरपूर जातो आणि विहिरीजवळ उकिरडा असतो त्यामुळे नायट्रेट आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी निघतं, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या लहान लेकरासाठी ते फार वाईट.

एक माणूस दारात आला, त्याने आमच्या पाण्यात लाइटला जोडलेल्या दोन सळ्या टाकल्या आणि पाणी काळंहिरवं करून दाखवलं. एवढं घाण पाणी पितो का आम्ही?

नाही बाप्पा. ही दारोदारची जुनी ट्रिक आहे. त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की करंट जातो, ती लोखंडी सळी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, करंट जात नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ राहतं. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावा त्याला, तेही काळं होईल. मग पाहा कसा पटकन सामान गोळा करतो ते.

टीडीएस मीटर ऑनलाइन मिळतो दोनतीनशेला, त्याने नाही का समजत सगळं?

घ्या, कामाचा आहे, पण तो फक्त एकूण क्षार सांगतो. त्यात मीठ किती, फ्लोराइड किती, हे सांगत नाही आणि जंतू तर अजिबात दाखवत नाही. नाल्याचं पाणी २०० दाखवेल आणि चांगल्या विहिरीचं ६००. मीटरचा खरा उपयोग पुढे आहे, मेंब्रेन, म्हणजे आरओचा क्षार गाळणारा पडदा, चालू आहे की संपला हे पाहायला.

आमच्याकडे भिंतीवरचा आरओ आहे, तोच सिंकखाली ठेवला तर?

त्याची तोटी त्याच्या अंगालाच असते, मग प्रत्येक ग्लासाला वाकून कपाटात डोकं घालावं लागेल, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर विचारूच नका. सिंकखालच्या मॉडेलमध्ये खाली मशीन आणि प्रेशर टँक असते, ओट्यावर फक्त वाकडी बारीक तोटी. टँकमध्ये रबराची पिशवी आणि हवा असते, हवेच्या दाबाने पाणी वर येतं.

मग सिंकखालीच चांगलं ना?

फायदे आहेत. ओटा मोकळा राहतो, फोडणीचा तेलकटपणा मशीनवर बसत नाही. पण गावाकडच्या घरात तीन गोष्टी पाहून घ्या. एक, ओल. सिंकची जाळी किंवा पाइप थोडा जरी गळत असेल तर पहिले तो दुरुस्त करा. दोन, जागा, कारण टँकसकट मशीन साधारण दीड-दोन फूट रुंद जागा घेते आणि वरून कँडल, म्हणजे आतली गाळणीची नळी, काढायला हात जायला पाहिजे.

तिसरं उंदीर. हे कोणी सांगत नाही. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर येतातच आणि तो पांढरा बारीक पाइप त्यांना काहून आवडतो देव जाणे. रात्री पाइप कुरतडला की सकाळी स्वयंपाकघरात पाणीच पाणी, आणि शेजारच्या खोलीत कापसाची गंजी असेल तर मग झालंच. ड्रेनेजचा पाइप जिथे भिंतीत जातो ते भोक सिमेंटने नाहीतर जाळीने बुजवा, आणि तो दोन सुताचा, म्हणजे पाव इंची, पाइप विजेच्या केसिंगपट्टीतून घ्या. पन्नास रुपयाची पट्टी आहे, भाव करू नका.

आमची टाकी स्लॅबवरच आहे, प्रेशर पुरेल का?

दहा फूट उंचीला साधारण ४ पीएसआय दाब मिळतो. आरओच्या मेंब्रेनला ६० ते ८० लागतो. म्हणून मशीनमध्ये बूस्टर पंप असतोच, त्याला फक्त पाणी अखंड पोचलं पाहिजे. सिंकखाली मशीन असल्यावर दोनतीन फूट उंची जास्तच मिळते, ते बरंच. पत्र्याचं घर असेल आणि टाकी सहा फुटाच्या स्टँडवर, तर पंप अडखळतो, लो प्रेशर स्विच बंद-चालू करत राहतो. तेव्हा टाकीपासून सिंकपर्यंतची लाइन अर्धा इंची न ठेवता पाऊण करा, एल्बो कमी करा.

नळाच्या डायरेक्ट लाइनवर जोडू नका. नळ दिवसाआड येतो, पहिले पाच मिनिटं हवा आणि गढूळ पाणी, ते सगळं मशीनमध्ये जातं.

सामान काय काय आणायचं?

मशीनसोबत बहुतेक येतंच, तरी पाहून घ्या: इनलेटचा थ्री-वे व्हॉल्व, बाहेरचा प्रीफिल्टर म्हणजे दहा इंची भांडं आणि आत गाळ अडवणारी स्पन कँडल, पाइप, टेफ्लॉन टेप, ड्रेनची क्लिप. घरचं लागेल पाना, पकड, टेस्टर, ड्रिल मशीन, पाइप कापायला धारदार कटर. अँगल कॉक जुना झाला असेल तर नवा आणा, बोअरच्या क्षारांनी तो जाम झालेला असतो आणि हात लावला की तुटतो.

बसवायचा कसा, सांगा ना सविस्तर.

टाकीचा कॉक बंद करा आणि सिंकची तोटी उघडून लाइन रिकामी करा. सिंकखाली अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप यांच्या मधे थ्री-वे व्हॉल्व बसतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे, आटे ज्या दिशेला फिरवून बसतात त्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली की बसवताना सुटून येते. पहिले हाताने बसवा, मग पान्याने अर्धा-पाऊण फेरा. जास्त ताकद लावली की पितळेचा आटा नाही, प्लास्टिकची नट फाटते.

तिथून पाइप प्रीफिल्टरच्या इन लिहिलेल्या बाजूला, आउटमधून मशीनला. भांडं कपाटाच्या बाजूच्या फळीला स्क्रूने टांगा, खाली एक बित्ता जागा सोडा नाहीतर उघडताना भांडं खाली निघणारच नाही.

आता पाइप जोडणं. नव्वद टक्के गळती इथेच होते. पाइप सरळ काटकोनात कापा, कात्रीने कापला तर तोंड चपटं होतं. कनेक्टरमध्ये घातला की पहिले थोडा अडतो, तिथे थांबू नका, अजून जोर लावा, तो आतल्या रबराच्या रिंगच्या पुढे अर्धा इंच तरी गेला पाहिजे. मग मागे ओढून पाहा. निघाला नाही तर त्यावर छोटी निळी किंवा लाल क्लिप लावा. काढायचा असेल तेव्हा कनेक्टरची कॉलर दोन नखांनी आत दाबून धरायची आणि पाइप ओढायचा, नुसता ओढून काही होत नाही, वरून कनेक्टर तुटतो.

वेस्टचा पाइप सिंकच्या ड्रेनला क्लिपने धरा, पण त्याचं तोंड खालच्या साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, मोकळं लटकू द्या. बुडालं की मोरीचा वास आणि घाण पाणी उलटं चढायचा रस्ता होतो.

प्रेशर टँकला जोडायच्या आधी ती रिकामी असतानाच हवा पाहा. बुडाला गाडीच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व असतो, साधारण ७-८ पीएसआय पाहिजे. कमी असेल तर सायकलच्या पंपाने दोनचार झटके. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरू नका, आतली रबराची पिशवी फुटते.

सगळं झालं की अँगल कॉक हळूहळू उघडा. प्रत्येक जोडावर कोरडा टिशू किंवा वर्तमानपत्राचा तुकडा फिरवा, ओला झाला तर गळतंय. मग लाइट चालू. आणि सॉकेट सिंकच्या पाइपखाली नको, वर आणि बाजूला, अर्थिंगसकट. पंप २४ व्होल्टवर चालतो पण अडॅप्टरला येणारं २३०च असतं.

ग्रॅनाइटला भोक पाडताना फुटलं तर? बायको घरात ठेवणार नाही.

ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असतं ते बंद ठेवा, फक्त गोल फिरणं. डायमंडची १२ एमएम कोअर बिट मिळते. मेणाचा किंवा चिकणमातीचा छोटा गोल बांध करून त्यात पाणी भरा, बिट सुरुवातीला थोडी तिरपी धरून खूण पाडा मग सरळ करा, आणि जोर देऊ नका, बिटला आपलं काम करू द्या. शेवटच्या सुताला तर अजूनच हळू. कडेपासून दोन इंच आत तरी घ्या. कडप्पा असेल तर तो पापुद्र्याने सुटतो, तिथे मी तर म्हणतो ओट्याला हातच लावू नका, स्टीलच्या सिंकच्या काठाला स्टेप बिटने भोक पाडा, सोपं पडतं.

पहिलं पाणी प्यायचं का?

नाही. पहिली पूर्ण टँक फेकायची, जमलं तर दोन. नव्या मेंब्रेनला खराब होऊ नये म्हणून केमिकल लावलेलं असतं, आणि कार्बनमधून काळी भुकटी येते. काळं पाणी पाहून लोकं घाबरून फोन करतात, घाबरायचं काही नाही.

वेस्टला इतकं पाणी जाऊन राहिलं, पाइप थोडा बंद केला तर?

असं करू नका, कितीही जीव तुटला तरी. वेस्ट पाणी क्षार वाहून नेतं. ते अडवलं की क्षार मेंब्रेनवरच थर करून बसतात आणि वर्षाचा मेंब्रेन दोन महिन्यात जातो. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्याला दोन लिटर किंवा त्याहून जास्त बाहेर टाकते.

हिशोब असा: तुमच्या बोअरचा टीडीएस ९०० असेल, तीन लिटर आत गेलं, एक लिटर ९० चं निघालं, तर उरलेलं दोन लिटर साधारण १३०० चं होतं. ते बादलीत धरा, भांडी घासायला, फरशीला, संडासात वापरा. अंगणातल्या झाडांना रोज देऊ नका, माती पांढरी पडते. आणि पाणी फ्लोराइडचं असेल तर ते वेस्ट पाणी गाईबैलाच्या टाक्यात टाकू नका, त्यांच्याही दाताहाडाला तोच त्रास होतो.

मेकॅनिक म्हणतो टीडीएस कंट्रोलर उघडून चव वाढवून देतो, करू का?

तो स्क्रू फिरवला की थोडं पाणी मेंब्रेनला टाळून बाजूने जाऊन शुद्ध पाण्यात मिसळतं. नुसते क्षार जास्त असतील तर चालतं, १०० च्या आसपास ठेवा. पण तुमच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे तर तो पूर्ण बंद पाहिजे, कारण ज्याच्यासाठी आरओ घेतला तेच बाजूने परत येऊन राहिलं. यूव्हीने जंतू मरतात, फ्लोराइड नाही. ह्या एका स्क्रूपायी चांगल्या घरातला आरओ असून नसल्यासारखा होतो.

नुसतं उकळून प्यायलं तर?

जंतू मरतात, नक्की. क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात उलट थोडे वाढतात. फ्लोराइडसाठी आपल्या नागपूरच्या नीरी संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून नलगोंडा नावाची पद्धत काढली होती, पण त्याचं प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागतं, अंदाजाने घरी करायची गोष्ट नाही ती.

खारपाणपट्ट्यात आहो आम्ही, टीडीएस अडीच हजार आहे. चालेल आरओ?

घरगुती मशीन सहसा २००० पर्यंतच्या असतात. त्याच्यावर हाय टीडीएसचा मेंब्रेन आणि अँटीस्केलंट (क्षारांचा थर बसू न देणारी) कँडल लागेल आणि तरी मेंब्रेन लवकर जाईल, हे धरून चाला. त्यापेक्षा पावसाळ्यात छताचं पाणी धरून ते साध्या फिल्टरमधून प्यायचं हा खर्च एकदाच होतो. टाकी बांधायला जागा असेल तर मी हेच सांगतो, माझी विक्री गेली तरी चालेल.

लाइट जाते आमच्याकडे आठ-आठ तास.

प्रेशर टँकमध्ये भरलेलं पाणी लाइट नसतानाही येतं, नावाला १२ लिटरची टँक असली तरी हाती ७-८ लिटर लागतं. बाकी माठ आहेच. लाइट आल्यावर व्होल्टेज उसळतं त्यात अडॅप्टर जळतो, म्हणून छोटा स्टॅबिलायझर लावा. यूएफवाल्याला लाइट लागतच नाही, गडचिरोलीकडच्या घरांना तो जास्त सोयीचा.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी उकळतं नुसतं, मशीन खराब होईल का?

होऊ शकते. मेंब्रेनची मर्यादा बहुतेक ४५ अंशाची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच तेवढी, काळ्या टाकीतलं पाणी विचारूच नका. दुपारी इनलेट बंद ठेवा, पहाटे टँक भरून घ्या. टाकीवर पांढरा रंग मारा नाहीतर वर तुराट्यांचा मांडव घाला. सोलरच्या किंवा गिझरच्या लाइनला चुकूनही जोडू नका.

पावसाळ्यात पंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, पाण्याला वास येतो, त्याचं काय?

टाकू द्या, ते पाहिजेच. क्लोरीन मेंब्रेनला खातं, पण कार्बन कँडल ते अडवते. म्हणून पावसाळ्यात कार्बन जुनी ठेवू नका. गढूळपणाने स्पन कँडल आठ-पंधरा दिवसातही भरते, लाल-काळी दिसली की बदला.

कँडल आणि मेंब्रेन कधी बदलायचे?

स्पन डोळ्याने पाहून, साधारण तीन महिने. कार्बन सहा महिने ते वर्ष. मेंब्रेनचं तारखेवर जाऊ नका, मीटर काढा. आतल्या पाण्याचा ९०० आणि बाहेर ६०-९० तर उत्तम, १८० च्या वर जायला लागला तर संपला. अट एकच, कंट्रोलर बंद असताना मोजायचं. वर्ष झालं म्हणून सगळा सेट बदलून बिल करणारा माणूस आला तर त्याच्यासमोर मीटर बुडवा आणि गप्प बसा.

पंप बंदच होत नाही, घर्रघर्र चालूच राहतो.

टँकची हवा गेली, किंवा एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व) खराब झाला आणि पाणी मागे जाऊन राहिलं, किंवा कुठेतरी बारीक गळतंय. पहिले गळती, मग हवा, मग एनआरव्ही, ह्या क्रमाने पाहा. पंप बंद झाल्यावरही वेस्टला धार चालू असेल तर सोलेनॉइड, म्हणजे आत येणारं पाणी अडवणारा विजेचा व्हॉल्व, गेला.

घर बांधून राहिलो, आत्ताच काय सोय करून ठेवू?

टाकीतून सिंकखाली वेगळी अर्धा इंची लाइन आणि तिला वेगळा कॉक, म्हणजे लग्नाला आठ दिवस गावाला गेले तर फक्त फिल्टर बंद करता येतो. सिंकच्या बाजूला ओट्याखाली दोन फुटावर सॉकेट. वेस्टच्या पाण्यासाठी एक पाइप भिंतीतून बाहेर मोरीच्या बादलीपर्यंत काढून ठेवा. आणि ग्रॅनाइटवाला आलेला असतानाच त्याच्याकडून तोटीचं भोक पाडून घ्या, त्याच्याकडे मशीन असते, पाच मिनिटांचं काम आहे, तोपर्यंत भोकाला रबराचं बूच लावून ठेवा.